वाचकांचे प्रश्न: सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्याला हँडल कसं करायचं?

प्रश्न: मी हायस्कूलला शिक्षिका आहे. परीक्षा झाल्या की पेपरांचे गठ्ठे तपासायला घरी न्यावे लागतात, शिपाई सुतळीने घट्ट बांधून देतो पण स्टँडपर्यंत जाईपर्यंत बोटांवर वळ उठतात आणि नंतर पेन धरवत नाही. रुमाल गुंडाळून बघितला, तो सरकतो. पिशवीत घातलं तर पिशवीचे बंद उसवतात. घरच्या घरी काही साधं हँडल करता येईल का?
— एक शिक्षिका, मिरज

उत्तर: ताई, करता येईल आणि नक्की करा, कारण हा त्रास सहन करत बसण्यासारखा नाहीये आणि उपाय अगदी स्वस्तातला आहे.

आधी बोटं का दुखतात ते बघू. तुमचा गठ्ठा पाच किलोचा धरला आणि सुतळी तीन मिलीमीटर जाड धरली, बोटांची रुंदी साधारण आठ सेंटीमीटर, म्हणजे ते सगळं वजन जेमतेम अडीच चौरस सेंटीमीटर कातडीवर येतंय, प्रत्येक चौरस सेंटीमीटरला दोन किलो. आता तीच सुतळी पंचवीस मिलीमीटर जाडीच्या नळीतून ओवली आणि नळी हातात धरली तर तेच पाच किलो वीस चौरस सेंटीमीटरवर पसरतात, म्हणजे चौरस सेंटीमीटरला फक्त पाव किलो. गठ्ठा तोच आहे, वजन एक ग्रॅमसुद्धा कमी झालेलं नाही, पण हाताला लागणारा दाब आठपट कमी. रुमालाने हे होत नाही कारण रुमाल मऊ असतो, सुतळी त्याला दाबून परत तेवढीच बारीक होते. हाताखाली कडक आणि जाड काहीतरी पाहिजे.

नळीसाठी घरातल्या वायरिंगची जी पांढरी पीव्हीसी पाइप असते ना, पंचवीस एमएमची, तिचा तुकडा कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे फुकट मिळेल. मोडलेल्या झाडूचा पोकळ दांडा चालेल, बांबूचं पेर तर फारच छान कारण घामाने हात सटकत नाही. लांबी साडेचार इंच ठेवा. चार इंचात बायकांचा पंजा बसतो पण करंगळी टोकाला घासते, म्हणून अर्धा इंच जास्त. कापल्यावर दोन्ही तोंडांच्या आतल्या-बाहेरच्या कडा पॉलिश पेपरने गोल करून घ्या, हे काम कंटाळा न करता करा, नाहीतर ती धार रोज थोडी थोडी सुतळी कापत राहते आणि एक दिवस रस्त्यात सगळे पेपर खाली.

आता आकडे, म्हणजे हुक. हार्डवेअरच्या दुकानात जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार मागा, दहा नंबरची, ती सव्वातीन मिलीमीटर जाड असते. साधारण फूटभर तुकडा घ्या, नळीतून आरपार घाला, दोन्ही बाजूंना नळीच्या तोंडाशी काटकोनात खाली वाकवा आणि दीड-दोन इंचावर टोकाला आकडा करा. दोन इंच एवढ्यासाठी की नळी आणि गठ्ठा यांच्यामध्ये बोटं मावली पाहिजेत, त्याहून लांब पाय ठेवलेत तर ते फाकतात. बारा नंबरची तार याहून बारीक असते, वाकवायला सोपी म्हणून ती घेऊ नका, तारेची जाडी दुप्पट झाली की वाकायला ती आठपट विरोध करते, म्हणजे जाडीत थोडी काटकसर केली तरी ताकदीत फार मोठी घट होते. आणि आकड्याचं वळण लहान ठेवा, करंगळीचं टोक जाईल एवढंच. मोठा ऐसपैस आकडा दिसायला दणकट दिसतो पण तोच आधी सरळ होतो, कारण वजन तारेच्या पायापासून जितकं लांब लटकतं तितकं ते तिला जास्त उघडतं.

यात माझी एक आवडती सुधारणा आहे. दोन्ही बाजूंना आकडे करायच्या ऐवजी एका बाजूला बंद कडी करा आणि दुसऱ्या बाजूला आकडा. कडीत सुतळीचा फास कायमचा अडकलेला राहतो, म्हणून गठ्ठा खाली ठेवला तरी हँडल निसटून पडत नाही, बसमध्ये चढताना शोधाशोध नाही. आकड्याचं टोकसुद्धा थोडं आत वळवा, सुतळी दाबून आत जाईल एवढीच फट ठेवा.

करून झालं की लगेच पेपरांना लावू नका. दहा लिटरची बादली पाण्याने काठोकाठ भरा, ती झाली दहा किलो, वर बादलीचं थोडंसं. हँडल तिला अडकवून अंगणात चार फेऱ्या मारा. आकडा उघडला नाही तर तुमचा पाच-सहा किलोचा गठ्ठा तो बिनघोर नेईल.

प्रश्न: मागच्या वर्षी असंच तारेचं हँडल केलं होतं. हाताला बरं वाटलं पण आता सुतळी खोक्याच्या कडेत रुतते, पुठ्ठा फाटतो, एकदा तर सुतळीच तुटली. सुतळी चांगली जाड होती. कुठे चुकतंय?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: हँडल बरोबर आहे, अडकवायची जागा चुकतेय. आणि हे बहुतेक सगळ्यांचंच होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण खोकं घट्ट बांधतो, वरून सुतळी तारेसारखी ताणलेली असते आणि तिच्याच मध्ये आकडे घालून उचलतो. आता बघा, सुतळी जितकी आडवी तितका तिच्यावर ताण जास्त. उचलल्यावर सुतळी खोक्याच्या वर ४५ अंशात तिरपी झाली तर ताण वजनाच्या सात दशांश पट येतो. ३० अंशात झाली तर बरोबर वजनाइतका. आणि फक्त १० अंश वर आली, जे घट्ट बांधलेल्या खोक्यात होतं, तर ताण वजनाच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे तुमच्या आठ किलोच्या खोक्याला सुतळीवर तेवीस किलोचा ताण, आणि तो सगळा खोक्याच्या दोन कडांना आतल्या बाजूला चेपतो. पुठ्ठा फाटेल नाहीतर काय होईल.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की बांधायची दोरी वेगळी आणि उचलायची दोरी वेगळी. बांधायची दोरी घट्टच पाहिजे, तिचं काम खोकं मिटलेलं ठेवायचं. उचलायची दोरी सैल पाहिजे आणि ती खोक्याच्या खालून आली पाहिजे. दही-दुधाचं शिंकं आठवा, त्यात मडक्याच्या गळ्याला कोणी दोरी बांधत नाही, मडकं बुडाशी टेकलेलं असतं आणि दोऱ्या चहूबाजूंनी वर एका ठिकाणी येतात. तसंच इथे करायचं.

एक लांब सुतळी घ्या, दोन्ही टोकं एकत्र निरगाठीने बांधून मोठं कडं करा. ते कडं जमिनीवर लांबट पसरा, दोन पदर समांतर, मध्ये चार बोटांचं अंतर. त्यावर आधीच बांधलेलं खोकं ठेवा, लांब बाजू पदरांच्या दिशेने. खाली जिथे हे पदर बांधणीच्या आडव्या सुतळीला भेटतात तिथे त्या सुतळीखालून ओवून घ्या म्हणजे चालताना सरकणार नाहीत. मग दोन्ही बाजूंचे फास खोक्याच्या आखूड बाजूंवरून वर आणा आणि एक कडीत, एक आकड्यात. हँडल खोक्याच्या वर अर्धी वीत तरी आलं पाहिजे, त्यापेक्षा खाली बसत असेल तर कडं लहान झालंय, सोडून परत बांधा. गाठ खोक्याच्या खाली येऊ देऊ नका, तिच्यावर खोकं ठेवलं की डुगडुगतं.

असं केल्याचा आणखी एक फायदा म्हणजे खोकं पायाला समांतर लटकतं. हात सोडून उभं राहिलं की मुठीची दिशा पुढे-मागे असते, खोक्याची लांब बाजूही तशीच आली की गुडघ्याला आपटत नाही. आडवं लटकणारं खोकं माणसाला तिरकं चालायला लावतं आणि कंबर दुखते ती वेगळीच.

कडांना जुन्या पुठ्ठ्याचे काटकोनात दुमडलेले तुकडे लावा सुतळीखाली. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांवर प्लास्टिकची पट्टी असते, तिलाच आकडा लावून उचललं तर चालतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: नको. ती पट्टी खोकं बंद ठेवायला असते, उचलायला नाही. तिचा जोड बहुतेक वेळा उष्णतेने चिकटवलेला असतो आणि झटका बसला की तिथेच सुटते. हाताने तर धरूच नका, कडा कापतात. वरच्या उत्तरातली खालून येणारी दोरी हिलाही चालते.

प्रश्न: आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे. प्लास्टिकच्या पिशव्या बंद झाल्यापासून आम्ही खोकी कागदात गुंडाळून सुतळीने बांधून देतो, कापडी पिशवी प्रत्येकाला देणं परवडत नाही. लग्नाचा बस्ता बांधून नेणारी गिऱ्हाइकं हाताला लागतं म्हणून कुरकुरतात. फुकट देता येईल असं काही सुचवा.
— एक दुकानदार, इचलकरंजी

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण मला मनापासून वाटतं की गठ्ठ्याबरोबर हँडल देणं ही दुकानाचीच जबाबदारी आहे. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक बंदीची अधिसूचना निघाली, तिच्यात हँडल असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही पिशव्या आल्या, ते योग्यच झालं. पण पिशवीबरोबर तिचा बंदही गेला आणि त्याच्या जागी काय, हा विचार मागेच राहिला.

तुमच्याकडे माल तर पडलेलाच असणार. कापडाचा तागा ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून येतो ती नळी हॅक्सॉ ब्लेडने साडेचार-साडेचार इंचाची कापा. मीटरभर नळीत आठ तुकडे निघतात, शेजारीपाजारी कापडवाले देतील त्या वेगळ्या. पस्तीस एमएमच्या आसपास जाडीची बघा, त्याहून फार जाड असेल तर मूठ मिटत नाही आणि बोटं दमतात. तार नको, आकडा नको. बस्ता बांधताना जी दोरी खालून आणाल तिचा एका बाजूचा फास नळीतून आरपार ओवा, दुसऱ्या बाजूचा फास त्याच्यातून घालून सुरगाठ मारा. निरगाठ मारू नका, घरी गेल्यावर गिऱ्हाइकाला कात्री न शोधता टोक ओढून सोडता आलं पाहिजे आणि सुतळीही परत वापरता आली पाहिजे. नळीवर दुकानाचं नाव रबरी शिक्क्याने उठवा. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दुकानं लाकडी मूठ आणि तारेचे आकडे असलेली हँडलं गिऱ्हाइकांना द्यायची आणि त्या लाकडावर दुकानाची जाहिरात छापलेली असायची.

तिथलाच एक किस्सा तुमच्या उपयोगाचा आहे. मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलमध्ये वॉल्टर ड्यूबनर नावाचे किराणा दुकानदार होते, त्यांच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक पैसे आहेत तेवढं नाही तर हातात नेता येईल तेवढंच घेतं. त्यांनी १९१२ मध्ये कागदी पिशवीला दोरी लावली आणि १९१५ मध्ये पेटंट मिळवलं. ती दोरी नुसती वर चिकटवलेली नव्हती, पिशवीभर फिरवलेली होती, म्हणून साधी कागदी पिशवी ३४ किलोपर्यंत वजन पेलायची असं सांगतात. म्हणजे खालून भार घेण्याचीच युक्ती. तुमच्या बस्त्याला नीट हँडल असेल तर एखादी साडी जास्तच जाईल, याची मला खात्री आहे.

प्रश्न: आम्ही मुंबईच्या पाहुण्यांना एसटीने हापूसची पेटी पाठवतो. तिला कसलं हँडल करावं?
— एक वाचक, देवगड

उत्तर: आंबा अडीचशे ग्रॅमचा धरला तर पाच डझनांचे १५ किलो झाले, त्यात पेटीचं वजन वेगळं. याला एका हाताचं हँडल करूच नका. पेटीच्या दोन्ही टोकांना काथ्याच्या दोरीचा एकेक फास आणि त्यात बांबूचा एकेक तुकडा, म्हणजे दोघांनी उचलता येते आणि एकट्यालाही दोन हातांनी. काथ्या एवढ्यासाठी की पाऊस लवकर आला तर ताग भिजून कमजोर होतो, काथ्याला पाण्याचं फारसं काही वाटत नाही. नायलॉन नको, त्याची गाठ सुटते. आणि दोरी पेटीच्या हवेच्या भोकांवरून नेऊ नका.

प्रश्न: संधिवातामुळे माझी बोटं नीट मिटत नाहीत. देवळात, वाचनालयात पुस्तकं न्यायची असतात. मला हे हँडल चालेल का?
— एक आजी, सातारा

उत्तर: आजी, तुम्ही मुठीच्या भानगडीतच पडू नका. नळीच्या जागी खाटेची नवार घ्या, दीड-दोन इंच रुंद, तिची दोन्ही टोकं आकड्यांना किंवा सरळ दोरीच्या फासांना शिवून घ्या, आणि ती खांद्यावरून तिरकी घाला, म्हणजे पुस्तकं कमरेशी राहतील आणि दोन्ही हात मोकळे. शिवताना नातवाला सांगून चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारून घ्या, एका सरळ रेघेची शिलाई उसवते. पुस्तकं एका वेळी दोन-तीनच न्या, बाकीची परत जाल तेव्हा.

प्रश्न: मी आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग मांडायचा आहे पण दाब डोळ्यांना कसा दाखवू?
— एक विद्यार्थी, परभणी

उत्तर: छान विषय घेतलास. कणकेचा घट्ट गोळा मळून दोन सारख्या लांबट वळ्या कर, बोटांएवढ्या जाड, आणि त्या दोन विटांवर टेकवलेल्या फळीवर ठेव. एका वळीवरून नुसती सुतळी टाक, तिची दोन्ही टोकं फळीच्या दोन्ही कडांवरून खाली येऊ दे आणि दोन्हीकडे एकेक किलोची पिशवी लटकव. दुसऱ्या वळीवर नळीचा तुकडा ठेव, सुतळी नळीतून ओवून तशाच दोन पिशव्या लटकव. दोन मिनिटांनी काढ आणि पट्टीने खोली मोज. सुतळीने वळी खोलवर कापलेली असेल, नळीने नुसता उथळ खळगा पडलेला असेल. फळीची रुंदी वळीच्या लांबीपेक्षा फार जास्त ठेवू नकोस, नाहीतर सुतळी कडांवरच टेकेल आणि कणकेवर वजन येणारच नाही. दोन्ही वळ्या एकाच गोळ्यातून आणि एकाच वेळी कर, कणीक जरा वाळली की कडक होते आणि मग तुलना चुकते.