माणसं घेण्याआधी

चि. स अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. पतसंस्थांच्या कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर महिनाभर मागे पडलंय, दिवाळीआधी ते सुरू व्हायला हवं आणि साहेबांनी बेंचवरचे, म्हणजे सध्या कुठल्याच प्रकल्पावर नसलेले, पाच जण देऊ केलेत. ‘नाही म्हटलं तर मदत नाकारली असं दिसेल,’ असं तू लिहिलंयस. अडचण खरी आहे. तरीही सरसकट हो म्हणू नकोस.

आज तुम्ही सहा जण आहात. सहा जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या होतात १५. अकरा झालात की ५५. प्रत्येक जोडी रोज बोलत नाही, मान्य. पण व्याज आकारणीचा नियम बदलला आणि तो एकाच्याच कानावर गेला नाही, तर पावतीवरचा आकडा चुकतो आणि सभासद काउंटरवर भांडायला उभा राहतो.

आता पहिला आठवडा डोळ्यांसमोर आण. नव्या मुलाला लॅपटॉप मिळतो, ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची व्हीपीएनची परवानगी अडकते, डेटाबेसची प्रत हवी असते. मग तो थकीत व्याजाचा कोड उघडतो आणि विचारतो, ‘मुदत संपलेल्या कर्जाला इथे एक दर आणि तिथे दुसरा, असं का?’ याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नाही. ते पहिल्या दिवसापासून या कामावर असलेल्या तुमच्या सहकारी मुलीच्या डोक्यात आहे. ती हातातलं सोडून समजावत बसते. पाच जणांना रोज दोन-दोन तास दिले तरी दहा तास होतात. म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस गेला, तोही तुमच्यातल्या सगळ्यांत जाणत्या माणसाचा. नव्या मुलाची पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल कोडमध्ये घ्या’ ही विनंती, आली की तपासायची तिनंच. त्यानं चांगल्या हेतूनं एक फंक्शन सुटसुटीत केलेलं असतं आणि त्यावर तीन रिपोर्ट उभे असतात. त्यात बदल चालवून बघायला तुमचा टेस्ट सर्व्हर एकच.

हे आजचं नाही. आयबीएमनं १९६४ साली सिस्टिम/३६० जाहीर केली, तिची ऑपरेटिंग सिस्टिम बरीच लांबली. ते काम सांभाळणाऱ्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली लिहिलं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर माणसं वाढवली की तो आणखी लांबतो. हे विधान फार ढोबळ आहे, हेही त्यांनी तिथेच सांगितलंय. लोक नेमकं तेवढंच विसरतात.

कारण काही कामं खरोखर वाटून देता येतात. पंगतीत वाढपी वाढवता येतात. मीठ वाढणाऱ्याला वरणवाल्याला काही विचारावं लागत नाही. तुमच्याकडेही अशी कामं असतील: जुन्या खात्यांचा डेटा तपासणं, पावत्यांचे नमुने जुळवणं, शाखेतल्या लोकांसाठी माहितीपत्रक लिहिणं. त्यासाठी दोघं माग. व्याजाच्या कोडला मात्र नवा हात लावू देऊ नकोस.

आणि त्या मुलांचाही विचार कर. आता इंदुरात सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, तिथल्या मुलांना घराजवळ काम मिळू लागलंय. पहिल्याच नोकरीत एखाद्याला अशा धावपळीत ढकलायचं आणि वर्षअखेरीला त्याच्या नावापुढे ‘कामगिरी कमी’ लिहायचं, हा अन्याय आहे. मला त्याचा मनापासून राग येतो.

बैठकीत नुसतं ‘नको’ म्हणालास तर तुझं कोणी ऐकणार नाही. उरलेल्या कामांची यादी ने आणि प्रत्येक कामापुढे लिही: हे कोणाला न विचारता कोण करू शकेल? मग पतसंस्थेला पहिल्या दिवशी काय लागतं ते विचार. वसुली, व्याज, पावती एवढं चोख हवं. संचालक मंडळाचे रंगीत तक्ते डिसेंबरात दिले तरी चालतात. एवढं करूनही तारीख गाठत नसेल, तर ती एकदाच आणि पुरेशी पुढे ने. दर आठवड्याला चार दिवस मागत राहिलास तर तुझ्या शब्दावर कोणी विसंबणार नाही.

साहेबांनी पाचही जण तुझ्या माथी मारलेच, तर व्याजाचा कोड सांभाळणाऱ्या त्या मुलीला शिकवण्याच्या कामातून पूर्ण मोकळं ठेव. नव्यांचे प्रश्न तू घे, तुझं कोडिंग थांबलं तरी चालेल.

यादी झाली की मंगळवारच्या बैठकीआधी मला पाठव. रात्री उशीर झाला तरी फोन कर.

तुझा,
काका