बाल्कनीतील ढोबळी मिरची आणि खरबूज : फूलगळ, फळधारणा आणि मराठवाड्याचा उन्हाळा

नमस्कार. नांदेडमधील आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दक्षिणमुखी बाल्कनीत ढोबळी मिरचीची फुले मार्चच्या मध्यापासून गळत आहेत आणि शेजारच्या कुंडीतील खरबुजाच्या वेलावर भरपूर फुले असूनही एकही फळ धरलेले नाही, असा आपला प्रश्न आहे. दोन्ही कुंड्या बारा इंची आहेत, त्यांत शेतातून आणलेली काळी माती भरलेली आहे आणि पाणी बोअरचे आहे, असेही आपण लिहिले आहे. उत्तर थोडे लांबणार आहे. खत कमी पडले किंवा टॉनिक द्यायचे राहिले म्हणून हे घडलेले नाही. या दोन पिकांचे हंगाम वेगळे आहेत, आणि आपल्याकडचा उन्हाळा हा फरक फार कडकपणे दाखवून देतो.

आधी ढोबळी मिरचीचे पाहू. दिवसाचे तापमान 32 अंशांच्या पुढे सरकले आणि रात्रीही 24 अंशांच्या खाली उतरेनासे झाले की ढोबळीचे परागकण निकामी होऊ लागतात आणि फूल देठासकट गळते. मार्चअखेर नांदेड, परभणी, लातूर येथे पारा चाळिशीकडे झुकलेला असतो, आणि सिमेंटच्या भिंतींनी वेढलेल्या बाल्कनीत दिवसभर शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत बाहेर पडत राहते. अशा स्थितीत फूलगळ थांबवण्याची कोणतीही बाटली विकत घेऊ नका. ढोबळीचे बी ऑगस्टच्या उत्तरार्धात टाकावे, सप्टेंबरअखेर रोप मोठ्या कुंडीत लावावे आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळे घ्यावीत. आपल्या बाल्कनीसाठी ढोबळीचा हाच खरा हंगाम आहे. सध्याचे झाड मात्र उपटू नका. मिरची हे मुळात एकाच हंगामात संपणारे झाड नाही. शेंड्याकडचा तिसरा हिस्सा छाटून कुंडी आतल्या सावलीत ठेवली, माती जेमतेम ओलसर राखली, तर पावसाळा स्थिरावल्यावर तेच झाड पुन्हा फुटते.

उन्हाळ्यात मिरची हवीच असेल, तर तिखट मिरची लावावी. ज्वाला किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी तेजस यांसारखी जात ढोबळीपेक्षा बरीच अधिक उष्णता सोसते. मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिचीही फुले गळतील, पण एप्रिलपर्यंत आणि जूननंतर घरापुरती मिरची दोन-तीन झाडांवर सहज निघते.

आता उन्हाबद्दल, कारण दक्षिणमुखी बाल्कनीचा एक गुण सहसा लक्षात येत नाही. मराठवाडा साधारण 18 ते 20 उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहे. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऊन थेट भिंतीपर्यंत आत येते. जसजसा उन्हाळा चढतो तसतसा सूर्य माथ्यावर येतो, मेच्या मध्यास तर तो नेमका डोक्यावर असतो, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली बाल्कनीभर पडते. म्हणजे जानेवारीत भरपूर ऊन मिळते म्हणून निवडलेला भिंतीलगतचा कोपरा एप्रिलमध्ये दिवसभर सावलीत असतो. ढोबळीसाठी हे सोयीचेच आहे. खरबुजाला मात्र सहा ते आठ तास थेट ऊन हवे असते, म्हणून त्याची कुंडी पहिल्या दिवसापासून कठड्याशी ठेवावी आणि वेल कठड्याच्या गजांवर चढवावा. पूर्वेकडची बाल्कनी असणाऱ्यांनी उन्हाळी तिखट मिरचीचा विचार करावा. पश्चिमेकडच्या बाल्कनीत एप्रिलनंतर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधल्याशिवाय कोणतेही फळपीक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरबुजाला फळ का धरत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा फुलांकडे नीट पाहिले की मिळते. वेलावर सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस केवळ नर फुले येतात. त्यांचा देठ बारीक असतो आणि पाकळ्यांच्या खाली काहीही नसते. फळ धरणाऱ्या फुलाच्या खाली लवयुक्त, लांबट गोळा सुरुवातीपासूनच दिसतो, आणि अशी फुले मुख्य वेलावर न येता बगलफुटींवर, म्हणजे पानांच्या बगलेतून निघणाऱ्या फांद्यांवर, बहुधा पहिल्या-दुसऱ्या पेरावर येतात. आपला वेल शेंड्याने सरळ वर वाढत गेला असेल आणि बगलफुटी कमी असतील, तर फळ धरणारी फुले अजून आलीच नसण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून रोपाला पाच पाने आली की शेंडा खुडावा, दोन जोमदार फांद्या ठेवाव्यात आणि बाकीच्या काढून टाकाव्यात. उशीर झाला असला तरी आता शेंडा खुडल्यास बगलफुटी निघतील.

दुसरी अडचण मधमाश्यांची. खरबुजाचे परागकण चिकट असतात, ते वाऱ्याने पसरत नाहीत, आणि बहुतेक जातींत फळ धरणारे फूल द्विलिंगी असले तरी कीटकांच्या मदतीवाचून फळ क्वचितच धरते. तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या येतातही, पण चार फुलांसाठी रोज येतीलच असे नाही. त्यामुळे सकाळी फूल उमलल्यापासून साधारण नऊ वाजेपर्यंत ताजे नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि त्यातील परागकण फळधारी फुलाच्या मधल्या भागावर हलक्या हाताने सर्व बाजूंनी लावावेत. ऊन चढले की परागकणांचा उपयोग होत नाही. धरलेले फळ चार-पाच दिवसांत सुपारीएवढे होते. जे धरलेले नसते ते पिवळे पडून गळते. शेजारी तुळस किंवा झेंडू फुलत असेल तर मधमाश्यांची ये-जा वाढते. मिरचीला ही खटपट लागत नाही, कारण तिच्या एकाच फुलात स्वपरागीभवन होते. वारा नसलेल्या बाल्कनीत सकाळी फांदी हलकेच हलवली तरी पुरते.

कुंडी आणि माती या विषयावर मी थोडा हट्टी आहे. बारा इंची कुंडी मिरचीला पुरते, खरबुजाला पुरत नाही. त्याच्यासाठी निदान 35 ते 40 लिटर मातीची ग्रो बॅग किंवा ड्रम हवा, आणि एका कुंडीत एकच वेल ठेवावा. आपली काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी एकटी कुंडीत घालू नये. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते. कुंडीत ती कडेपासून सुटते, भेगा पडतात, ओतलेले पाणी त्या फटीतून थेट तळाशी निघून जाते आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. झाड दुपारी माना टाकते, तळाच्या ताटलीत मात्र पाणी दिसते. मी दोन भाग धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत, एक भाग काळी माती आणि एक भाग जाडसर वाळू असे मिश्रण वापरतो, आणि 40 लिटरला दोन मुठी निंबोळी पेंड घालतो. शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर त्याबरोबर हुमणीची अंडी-अळ्या येतात, आणि कुंडीत शिरलेली हुमणी मुळे खाऊन वेल चार दिवसांत झोपवते.

हलक्या मिश्रणाचा आणखी एक लाभ वजनाचा आहे. 40 लिटरची भिजलेली काळी माती सत्तर किलोंच्या आसपास भरते, कोकोपीटचे मिश्रण त्याहून बरेच हलके. निवासी इमारतींच्या बाल्कनीसाठी भारतीय मानकांत प्रति चौरस मीटर सुमारे 300 किलोंचा भार गृहीत धरला आहे, आणि त्यात माणसांचेही वजन येते. म्हणून मोठ्या कुंड्या एका जागी दाटीने ठेवू नयेत, आणि जुन्या इमारतीत तर अभियंत्याला विचारूनच ठेवाव्यात. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला कुंडी कधीही टांगू नये. वळवाचे वारे आणि गारपीट आपल्याकडे सांगून येत नाहीत.

पाण्याकडे आता विशेष लक्ष द्यावे लागेल. एप्रिलमध्ये मिरचीच्या कुंडीला रोज दीड-दोन लिटर आणि पूर्ण वाढलेल्या खरबुजाच्या वेलाला चार ते सहा लिटर पाणी लागते. ज्या प्रदेशात 2016 मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे मेपर्यंत किती कुंड्यांना पाणी पुरवता येईल याचा हिशेब जानेवारीतच करावा, आणि वेल दोनच लावावेत. मातीवर उसाच्या पाचटाचा किंवा सोयाबीनच्या भुसकटाचा तीन इंचांचा थर द्यावा, आणि कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळावे, कारण काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत उन्हाकडच्या बाजूची मुळे अक्षरशः भाजतात. पाणी पहाटे किंवा संध्याकाळी द्यावे. दोन दिवस कोरडे ठेवून तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी दिल्यास ढोबळीच्या फळाच्या टोकाला काळसर, खोलगट डाग पडतो आणि तयार होत आलेले खरबूज तडकते. तो डाग कॅल्शियमच्या कमतरतेचा असतो हे खरे, परंतु बहुधा मातीत कॅल्शियम असते. ते वाहून नेणारे पाणी नियमित मिळत नाही, म्हणून फळापर्यंत पोहोचत नाही. अंड्याची टरफले टाकून तो डाग आठवड्यात जात नाही.

बोअरच्या पाण्यातील क्षार कुंडीत साठतात आणि मातीवर पांढरा थर दिसू लागतो. एसीतून गळणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, ते बोअरच्या पाण्यात मिसळावे. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मात्र कुंडीला देऊ नये, कारण त्यात क्षार अधिक एकवटलेले असतात. महिन्यातून एकदा तळातून पाणी वाहून जाईल इतके भरपूर पाणी द्यावे, आणि तळातून निघालेले पाणी दुसऱ्या कुंडीला घालू नये. याच कारणाने मी चुलीची राख टाळतो. तिच्यात पालाश (पोटॅश) असते, परंतु ती अल्कधर्मी असते, आणि आधीच जड असलेल्या पाण्यात तिची भर पडली की कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. फळे धरेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा मूठभर गांडूळखत आणि फळ लिंबाएवढे झाल्यावर आठवड्याला एक ग्रॅम प्रतिलिटर प्रमाणात 0:0:50 (पाण्यात विरघळणारे पालाशयुक्त खत) एवढे खरबुजाला पुरते. युरिया देऊ नका, नुसता पाला वाढतो.

कीड-रोगांविषयी थोडक्यात. मिरचीची पाने वर वळत असतील तर फुलकिडे असण्याची शक्यता अधिक, खाली वळत असतील तर कोळी (पानांतील रस शोषणारी अतिसूक्ष्म कीड). कोरड्या हवेत दोन्ही वाढतात. पानांच्या खालच्या बाजूवर आठवड्यातून दोनदा सकाळी पाण्याचा फवारा आणि दर आठ दिवसांनी संध्याकाळी पाच मिलिलिटर प्रतिलिटर कडुनिंबाचे तेल, थोड्या साबणासह, हा पहिला उपाय आहे. खरबुजावर भुरी (पानांवर पांढरी पूड दिसणारा बुरशीजन्य रोग) दिसली तर रोगट पाने काढावीत. चाळीस अंशांच्या उन्हात गंधक फवारू नये, पाने करपतात. फळमाशीसाठी फळ लिंबाएवढे होताच त्यावर बारीक जाळीची पिशवी बांधावी.

वेल चढवायला तुराट्या किंवा पऱ्हाट्या चालतात, मात्र फळाचे वजन त्यांवर टाकू नये. प्रत्येक फळ कांद्याच्या जाळीदार पिशवीत ठेवून ती पिशवी गजाला बांधावी. 40 लिटरच्या कुंडीत दोन फळे, फार तर तीन ठेवावीत. आपल्या सध्याच्या बारा इंची कुंडीत एकच. वेल मोठ्या कुंडीत हलवू नका, कारण खरबुजाची मुळे दुखावली की वेल सावरत नाही. पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर थंडी ओसरू लागली की कागदी पेल्यात बी लावावे आणि दोन खरी पाने येताच पेल्यासकट मोठ्या कुंडीत ठेवावे. अर्का जीत किंवा पुसा शरबती यांसारखी लहान फळाची जात निवडावी. कलिंगडाची हौस असेल तर शुगर बेबी घ्यावे, परंतु त्याला 50 लिटर माती लागते आणि एका वेलावर एकच फळ राखावे लागते.

खरबूज परागीभवनानंतर साधारण 30 ते 40 दिवसांत पिकते. रंग बदलतो, देठाजवळ बारीक भेग पडते, वास सुटतो आणि हलक्या धक्क्याने फळ देठापासून सुटते. शेवटच्या आठवड्यात पाणी निम्म्यावर आणावे, पण वेल कोमेजू देऊ नये, कारण गोडी पाने तयार करतात. हाताने परागीभवन केल्यावर दहा दिवसांत फळ धरले नाही, तर फुलांचे आणि पानांच्या खालच्या बाजूचे जवळून घेतलेले फोटो टाका. ते पाहून पुढचा सल्ला देता येईल.