बेंटिऊच्या ऑफरबद्दल विचारणाऱ्या ताईंना

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि डोक्यातून जाईना. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्यात आठ वर्षं काम केलंय, आता दक्षिण सुदानात बेंटिऊला आरोग्य, पोषण आणि पाणी अशा एकत्र प्रकल्पात पाण्याची बाजू सांभाळायची ऑफर आलीय, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी सांगलीतच राहणार. जावं का, आणि काय शिकून जावं, असं विचारलंत. व्हिसा, पिवळ्या तापाची लस, सुरक्षेचं प्रशिक्षण हे ऑफर देणारेच सांगतील, ते सोडून देतो.

आधी हंगाम समजून घ्या. बेंटिऊ २०२१ च्या पुरापासून पाण्याने वेढलेलं आहे. विस्थापितांची छावणी, रस्ते आणि शेजारच्या रुबकोनाची धावपट्टी मातीच्या बांधांवर तगून आहेत. माती आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीसारखीच. मे लागला की गाड्या रुततात, आणि नोव्हेंबरपर्यंत जे काही येईल ते विमानाने किंवा बोटीने. म्हणजे वर्षभराचा जड माल डिसेंबर ते एप्रिलमध्येच आत गेला पाहिजे. क्लोरीनचं तर विशेष सांगतो, कारण ती पावडर विमान वाहतुकीत धोकादायक मालात मोडते आणि पावसाळ्यात 'पाठवतो लगेच' हे शब्द निरुपयोगी असतात. हिशेब असा करा: १०,००० माणसं, माणशी १५ लिटर, म्हणजे रोज दीड लाख लिटर. लिटरला ३ मिलिग्रॅम मात्रा धरली तर ४५० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ६५ टक्क्यांची पावडर साधारण ७०० ग्रॅम. सहा महिन्यांना सव्वाशे किलो. ४५ किलोचे तीन ड्रम पुरतात असं वाटतं, पण चार मागवा. उन्हात तिची ताकद उतरते आणि कॉलरा आला तर खप कितीतरी वाढतो. गोदामात डिझेलच्या शेजारी ती कधीही ठेवू नका, आग लागते.

इथेच तुमची जुनी सवय आड येईल. आपल्याकडे हाताला टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरची सवय असते, ती ताजी असली तरी ३३ टक्क्यांच्या आसपास. तिथे एचटीएच ही जास्त ताकदीची क्लोरीन पावडर असते, ६५ ते ७० टक्क्यांची. टीसीएलच्या अंदाजाने टाकलं तर मात्रा दुप्पट होते, पाण्याला वास येतो आणि बायका कॅन घेऊन पुन्हा दलदलीकडे वळतात. लिटरला १५ ग्रॅम एचटीएच घातलं की एक टक्क्याचं द्रावण होतं. त्याचं १ मिलिलिटर १० लिटर पाण्यात म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. हे तोंडपाठ असू द्या. ओटी टेस्ट, म्हणजे पाणी पिवळं होण्यावरून क्लोरीन बघायची जुनी चाचणी, तीही विसरा. मोकळं (जंतू मारायला शिल्लक असलेलं) क्लोरीन आणि संयुक्त (घाणीशी जोडलं गेलेलं) क्लोरीन यांतला फरक ती नीट दाखवत नाही, तिथल्या सेंद्रिय कचऱ्याच्या पाण्यात तर मुळीच नाही. मोकळं क्लोरीन मोजणाऱ्या डीपीडी क्रमांक १ च्या गोळ्या वापरा.

क्लोरीनच्या आधी तुरटी. पाण्याचा गढूळपणा ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) खाली आला नाही तर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. रोज सकाळी चार-पाच बादल्यांत तुरटीच्या वेगवेगळ्या मात्रा घालून बघा, ज्या कमीत कमी मात्रेला पाणी निवळतं ती टाकीला लावा. कालची मात्रा आज चालेल असं धरू नका. रात्री पाऊस पडला की पाणी बदलतं. मग क्लोरीन, आणि तीस मिनिटं थांबायचं.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात लिहायला बसलो ती. तुमचा अहवाल नळापाशी संपेल: मोकळं क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम, सगळं हिरव्या रकान्यात. पाणी पितात मात्र झोपडीत, आठ-दहा तासांनी, उन्हात ठेवलेल्या कॅनमधून. २०१३ साली त्याच देशातल्या मबान काउंटीच्या निर्वासित छावण्यांत हे मोजलं गेलं. तिथे हिपॅटायटिस ई ची साथ होती आणि नळावर नियमात बसणारं पाणी घरात पोचून काही तासांनी बिनक्लोरीनचं होत होतं. अभ्यास करणाऱ्यांनी नळावर लिटरला १ मिलिग्रॅम ठेवायची शिफारस केली. म्हणून दर आठवड्याला वीस-तीस घरांत जाऊन कॅनमधलं पाणी तपासा आणि नळावरची मात्रा त्यावरून ठरवा. कॅन उघडून आत बोट फिरवा. बुळबुळीत हिरवट थर लागला तर कितीही क्लोरीन घाला, तो थर ते खाऊन टाकतो. मूठभर खडे, थोडं पाणी, एक टक्क्याचं द्रावण घालून कॅन जोरात हलवायचा, अर्ध्या तासाने दोनदा विसळायचा. पाणी भरायच्या जागीच महिन्यातून एकदा हे काम ठेवलं तर लोक येतात.

हापशाची काळजी नको. तिथला बहुतेक हापसा इंडिया मार्क टू आहे, जो १९७० च्या दशकात आपल्याच जालना-सोलापूरकडच्या पंपांवरून घडला. कप वॉशर, साखळी, बेअरिंग, रॉडचे सॉकेट हे सुटे भाग राजधानी जुबात पावसाळ्याआधी घेऊन ठेवा. चाळीस दांडे मारून १५ लिटरच्या आसपास पाणी आलं तर पंप ठीक. १० च्या खाली गेलं की आधी कप वॉशर बघा, मग गंजून भोक पडलेला जीआय पाईप. पुरात ओटा बुडला असेल तर पाणी ओसरल्यावर विंधण विहिरीत क्लोरीन सोडून, उपसून, तपासूनच पंप चालू करा.

पोषणाच्या टीमपासून लांब राहू नका. लहान मुलाच्या दंडाचा घेर पट्टीवर ११५ मिलिमीटरच्या खाली गेला किंवा दोन्ही पायांवर दाबून खळगा पडणारी सूज असली की तीव्र कुपोषण. भूक असेल आणि दुसरा आजार नसेल तर घरी उपचाराच्या तयार खाऊची ९२ ग्रॅमची, ५०० कॅलरीची पाकिटं देतात; भूक नसेल तर दाखल करून एफ-७५ हे उपचाराचं दूध, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. ते दूध तुमच्या पाण्यात कालवतात. दाखल रुग्णामागे दिवसाला ३० लिटर आणि सोबतच्या आईला १५ लिटर पाणी तुम्ही द्यायचं आहे. एखाद्या वस्तीतली मुलं वजन घेत नसतील तर पोषणवाले म्हणतात पाकिटं घरात सगळ्यांत वाटली जातात. तसं होतंही, पण त्याच वस्तीत जुलाबाचे रुग्ण वाढलेत का आणि हापसा बंद आहे का, हे तुम्ही विचारा. आरोग्य, पोषण आणि पाणी अशी तिन्ही रजिस्टरं एका टेबलावर ठेवून आठवड्यातून एकदा वाचली तर अर्धी उत्तरं तिथेच मिळतात. मेळघाटात किंवा नंदुरबारला अंगणवाडी सेविकेबरोबर कुणी काम केलं असेल तर त्यांच्याशी जाण्याआधी बोला.

कॉलऱ्याची साथ ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तरेकडच्या रेंक गावापासून जाहीर झाली आणि देशभर पसरली, त्यामुळे ती गृहीत धरा. रुग्णामागे रोज ६० लिटर पाणी. हात धुवायला ०.०५ टक्के द्रावण (२० लिटरला एचटीएचचा एक सपाट मोठा चमचा), फरशीला ०.२ टक्के (चार चमचे), उलटी-शौच आणि मृतदेहासाठी २ टक्के. बादल्यांना वेगवेगळे रंग लावा, कारण रात्रपाळीला चुकून २ टक्क्यांत हात धुतले जातात. काळ्या मातीत संडासाचा खड्डा ढासळतो आणि पावसात भरून वर येतो. बेंटिऊत तो उंचावरच बांधावा लागतो, आणि मैला उपसायचा खर्च अंदाजपत्रकात आहे का ते आत्ताच विचारा.

कागदांबद्दल एकच सांगतो, कारण त्याचा संताप अजून गेलेला नाही. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, अनुभवपत्रावर मधलं नाव नुसतं अक्षर, असं असेल तर एका खिडकीवर चालतं आणि पुढच्या खिडकीवर अडतं. राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि प्रतिज्ञापत्र, दोन्ही मूळ प्रतीत जवळ ठेवा. आयुर्विम्याच्या कंपनीला युद्धग्रस्त भागातला मृत्यू धरला जातो का हे लेखी विचारा. फोनवरचं 'हो मॅडम' कामाचं नाही.

मुलीचं. बेंटिऊला कुटुंब नेता येत नाही. काही जण घर नैरोबीला हलवतात. सप्टेंबरला सुरू होणाऱ्या शाळेतून आपल्या जूनच्या वर्गात परत येताना काय होतं हे मला माहीत आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांना मराठी सक्तीची आहे, आणि माझ्या मुलाला मराठी लिहिता येत नाही म्हणून एका शाळेने वर्षभर मागे बसवलं. सवलत मिळू शकते, ती मागावी लागते, हे कुणी सांगितलं नाही. तो आता मोठा आहे, विसरलाय म्हणतो. मी विसरलेलो नाही. मुलीला सांगलीतच ठेवताय ते माझ्या मते बरोबर आहे. एप्रिलमध्ये तुमचा साठा भरायचा धडाका असेल, परीक्षेला तुम्ही नसाल, हे तिला आत्ताच सांगा. मे महिन्याची रजा मात्र करारावर सही करण्याआधी मागून घ्या. विमान पावसाने रद्द होतं, म्हणून जुबात दोन दिवस हाताशी ठेवा. भारत तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिची नऊची झोपायची वेळ म्हणजे तुमचे साडेपाच, नेमकी टीमच्या बैठकीची वेळ. बैठक हलवा, फोन नको.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. संध्याकाळनंतर कंपाउंडबाहेर जाता येत नाही, पुस्तकं न्या. यावर जास्त लिहीत नाही. मी गेलो ते बरोबर होतं का, याचं उत्तर मला घरात आजही एका शब्दात देता येत नाही, एवढंच.

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: निधी कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे (२०२५ मध्ये अमेरिकेने मदत कापल्यापासून करार मध्येच संपतात), या कोरड्या हंगामातला माल जुबातून निघाला की नाही, आणि गोदामात आज किती ड्रम क्लोरीन आहे. तिसऱ्याचं उत्तर आकड्यात आलं नाही तर जाण्याची तारीख पुढे ढकला.