झाकण उघडलं, पडदा काळाच

प्रश्न : लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम आहे. अपडेटनंतर झाकण मिटून उघडलं की पडदा काळाच राहतो. तक्रार कशी नोंदवू?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : ताई, आधी जुना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा हार्डवेअर चालवणारा गाभा, चालवून पाहा; लॅपटॉप सुरू होतानाच्या ग्रब मेनूत (काय सुरू करायचं ते निवडायची यादी) 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये तो सापडेल. नौपाड्यात माझ्या घरीही हेच झालं होतं. जुन्या कर्नलवर पडदा लगेच उजळला, आणि दोष नव्या कर्नलचा आहे, याचा तोच माझा सर्वांत भक्कम पुरावा ठरला! मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'उबंटू-बग लिनक्स' (ubuntu-bug linux) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. हार्डवेअरची माहिती आणि सिस्टीमच्या नोंदी तुमच्या परवानगीने लाँचपॅड या उबंटूच्या तक्रारी नोंदवायच्या संकेतस्थळावर जातात; तिथे खातं मात्र लागतं. नुसतं 'चालत नाही' लिहू नका हो. कोणता कर्नल चालला, कोणता नाही, दहापैकी किती वेळा बिघडलं, सगळं लिहा. एका तक्रारीत एकच दोष.