फोरेन्सिकसाठी इंग्लंडला यायचंय? निघण्याआधी जखमेच्या कडा बघ

तू विचारलंस की रत्नागिरीत कॅज्युअल्टी आणि पीएम (शवविच्छेदन) दोन्ही करतेस, इंग्लंडला फोरेन्सिक पॅथॉलॉजीत यायचं आहे, तर तिथला अनुभव इथे उपयोगी पडेल का आणि येण्याआधी काय पक्कं करायचं.

रस्ता थोडक्यात सांगते. आधी जीएमसीची, म्हणजे इथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची नोंदणी, मग हिस्टोपॅथॉलॉजीचं (ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचं) प्रशिक्षण, आणि त्यातूनच पुढे फोरेन्सिक. आपल्याकडे एमडी फोरेन्सिकला थेट जाता येतं, तसं इथे नाही. जिवंत जखमींना तपासणारे डॉक्टरही इथे वेगळे असतात.

अनुभव नक्की उपयोगी पडेल, पण लिहिण्याची पद्धत आजपासून बदल. कॅज्युअल्टीत आपण ‘सीएलडब्ल्यू’ (कंट्यूज्ड लॅसरेटेड वूंड, चेचून फाटलेली जखम) लिहून मोकळे होतो. टाके घालायला तेवढं पुरतं, कोर्टात पुरत नाही. पहिला प्रश्न एकच: मार बोथट वस्तूचा की धारेचा? बोथट माराने वरची त्वचा खरवडली तर अ‍ॅब्रेजन, त्वचा शाबूत राहून आत रक्त साकळलं तर मुका मार, आणि त्वचा चिरडून, ताणून फाटली तर लॅसरेशन. लॅसरेशनच्या कडा ओबडधोबड, भोवती खरचटलेलं, आणि तळाशी नसा, रक्तवाहिन्या, तंतू या कडेपासून त्या कडेपर्यंत न तुटता ताणलेले असतात. असे पूल दिसले तर तिथून पातं फिरलेलं नाही.

फसगत होते ती डोक्याची टाळू, भुवई आणि नडगीवर. तिथे त्वचेखाली लगेच हाड असतं, त्यामुळे डोक्यात जांभ्या दगडाचा चिरा पडला तरी त्वचा सरळ रेषेत फाटते आणि सोबत आलेला माणूस कोयत्याचा वार झाला म्हणून सांगतो. अशा वेळी भिंग घे, केस बाजूला कर, कडेला चेचल्याची खूण आणि आत पूल आहेत का बघ, नि टाके घालण्याआधी मोजपट्टी ठेवून फोटो घे. टाक्यांनंतर यातलं बरंच दिसेनासं होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या एका शब्दावर कुणाचा तरी मुलगा आत जाऊ शकतो.

धारेच्या जखमांत विळीवर कापलेला हात म्हणजे इन्साइज्ड, लांबी खोलीपेक्षा जास्त. सुरीने भोसकलं तर स्टॅब, खोली जास्त. कोयत्याला वजन आणि धार दोन्ही, म्हणून चॉप. हाडावर खाच सापडू शकते. स्टॅबच्या खोलीवरून पात्याची लांबी कधीच ठामपणे सांगू नकोस, पोट दाबलं जातं. त्वचेवरच्या छिद्रावरून पात्याची रुंदीही नाही. त्वचेच्या ताणाने ते आखडतं किंवा रुंदावतं.

मुक्या माराच्या रंगावरून दिवस सांगणारा पुस्तकातला तक्ता विसर. लँग्लॉइस आणि ग्रेशम यांच्या १९९१ च्या अभ्यासात पिवळा रंग १८ तासांआधी दिसला नाही. त्यामुळे पिवळेपणा असेल तर मार ताजा नाही, इतपतच म्हणता येतं.

समुद्रातून आलेले मृतदेह ही तुझी खरी जमेची बाजू. खेकड्यांनी कुरतडलेले ओठ नि पापण्या, खडकावर घासलेली त्वचा, बोटीच्या पंख्याचे समांतर घाव. मृत्यूनंतरच्या जखमेत सहसा रक्त साकळलेलं नसतं, पण पाणी जिवंतपणीच्या जखमेतलं रक्तही धुऊन नेतं. म्हणून फिकी जखम दिसली की लगेच ‘मृत्यूनंतरची’ लिहू नकोस. ऊतींचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जाऊ दे.

साधी की गंभीर, हा रकाना तिकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मुळे भरावा लागतो. इथे आपण जखमेचं वर्णन आणि मत देतो, कायद्याने ती कशात बसते ते कोर्ट ठरवतं. बचाव पक्षाचा पॅथॉलॉजिस्ट पुन्हा पीएम करू शकतो, म्हणून प्रत्येक जखमेची टाचेपासूनची उंची, मध्यरेषेपासूनचं अंतर, कडा, टोकं आणि दिशा लिहायची सवय आत्ताच लाव. नाव-गाव वगळून स्वतःची नोंदवही ठेव. फोटो मात्र सोबत आणू नकोस, तो पुरावा आहे.