कर्ता कोण, हे यंत्राला कुठून कळणार?

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे : ‘करण्यात आले’ छापाची वाक्यं एआय लेखन-सहायकाकडून सरळ करून घेणं. त्यांतले चार प्रश्न घेते. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तिथे गफलत झाली तर तिची झळ लिहिणाऱ्याला नाही, दुसऱ्याच कुणाला तरी बसते.

प्रश्न : देखभाल विभागाचे अहवाल मी लिहितो. ‘करण्यात आले’ कमी करा, असं वरिष्ठांनी सांगितलं म्हणून मसुदा एआय सहायकाला दिला. मूळ मजकूर असा होता : ‘तपासणीत दोन पंप बंद असल्याचे आढळले. ते दुरुस्त करण्यात आले. बिघाडाची नोंद वेळेवर करण्यात आली नव्हती.’ सहायकाने दिलं : ‘तपासणी पथकाला दोन पंप बंद आढळले. पथकाने ते दुरुस्त केले. ऑपरेटरने बिघाडाची नोंद वेळेवर केली नव्हती.’ वाचायला छान आहे. पण दुरुस्ती बाहेरच्या कंत्राटदाराने केली होती आणि नोंद कुणाकडून राहिली, ते अजून ठरायचं आहे. त्याला सूचना कशी द्यावी?

तुम्ही दोन्ही मसुदे ताडून पाहिलेत, हे फार बरं केलंत. ते तिसरं वाक्य असंच पुढे गेलं असतं तर चौकशी होण्याआधीच एका माणसावर ठपका आला असता. मूळ वाक्यात कुणाचंच नाव नव्हतं.

हे का होतं, ते पाहू. ‘करण्यात आले’ या रचनेत कर्ता सांगितला नाही तरी वाक्य पुरं होतं. ‘केले’ म्हटलं की ‘कुणी?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. तुम्ही सहायकाला सरळ वाक्य मागितलंत, म्हणजे न कळत कर्ताही मागितलात. तो मसुद्यात नव्हता. अशा सहायकामागचं भाषा-प्रारूप (लँग्वेज मॉडेल) आजवर वाचलेल्या अफाट मजकुरावरून इथे कोणता शब्द शोभेल, याचा अंदाज बांधतं. बिघाड, पंप, नोंद हे शब्द जिथे येतात तिथे ऑपरेटरही बऱ्याचदा येतो. म्हणून तो आला. तुमच्या पंपघरात त्या दिवशी काय घडलं, हे सहायकाला ठाऊक असण्याचा संबंधच नाही. आणि अंदाज असो की माहिती, दोन्ही तो सारख्याच ठाम सुरात लिहितो. त्यामुळे नुसतं वाचून फरक लक्षात येत नाही.

सूचना अशी देऊन पाहा : ‘खालच्या मजकुरातली करण्यात आले, केले गेले, कडून, द्वारे असलेली वाक्यं शोध. प्रत्येक वाक्याचा कर्ता याच मजकुरात दिलेला असेल, तर ते शब्द जसेच्या तसे दाखव आणि मग वाक्य सरळ कर. कर्ता दिलेला नसेल तर वाक्याला हात लावू नकोस, त्यापुढे “कर्ता कोण?” एवढंच लिही. काळ, आकडे, नावं आणि नकार बदलू नकोस.’ नकाराचा उल्लेख मुद्दाम करते. ‘करण्यात आली नव्हती’ हे सुटसुटीत करताना ‘उशिरा केली’ झालेलं मी पाहिलं आहे, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत.

एवढं करूनही तपासणी सोडू नका. माझी स्वतःची पद्धत साधी आहे. मूळ मसुदा डावीकडे, नवा उजवीकडे ठेवते आणि नव्यातल्या फक्त नामांखाली रेघ मारते. मूळ मसुद्यात नसलेलं एखादं नाम उजवीकडे दिसलं की तिथे थांबते. तुमच्या तीन वाक्यांना ही कसोटी लावा : ‘पथक’ आणि ‘ऑपरेटर’ हे दोघं ताबडतोब सापडतात.

आता ‘कर्ता कोण?’ असा शेरा पडलेल्या वाक्यांचं काय करायचं? माहीत असेल तर लिहा : ‘कंत्राटदाराने ते दुरुस्त केले.’ माहीत नसेल तर फोन उचलून विचारा; अहवाल लिहिणाऱ्याचं ते कामच आहे. आणि ठरायचंच असेल, जसं तुमच्या नोंदीचं आहे, तर ‘करण्यात आली नव्हती’ खुशाल राहू द्या, पुढे ‘याची चौकशी सुरू आहे’ असं जोडा. वरिष्ठांना तसं सांगा, ते ऐकतील. मात्र आपल्याच विभागाने घेतलेल्या निर्णयाला ‘निर्णय घेण्यात आला’ हे पांघरूण घालू नये, असं माझं ठाम मत आहे. तो वाचणाऱ्याला पुढे कुणाला तरी जाब विचारायचा असतो, दाद मागायची असते. त्याला नाव मिळायलाच हवं.

प्रश्न : मी मराठी शिकवते. ‘मुलीने पत्र लिहिले’ हे वाक्य सहायक ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणतो आणि बदलायला नकार देतो. आमच्या व्याकरणात तो कर्मणी प्रयोग आहे. बरोबर कोण?

दोघंही, बाई, आणि घोळ नेमका इथेच आहे.

आपल्याकडे प्रयोग क्रियापदाच्या वळणावरून ठरतो. ‘मुलीने पत्र लिहिले’, ‘मुलीने चिठ्ठी लिहिली’, ‘मुलीने निबंध लिहिला’ : मुलगी तीच, पण क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलत गेलं. म्हणून कर्मणी. ‘मी चिठ्ठी लिहिली’ हेसुद्धा कर्मणीच, तिथे ‘ने’ दिसत नाही एवढंच. इंग्रजीतलं पॅसिव्ह मात्र कर्त्याला बाजूला सारून कर्माला उद्देश्याच्या जागी बसवतं. आपल्या ‘मुलीने पत्र लिहिले’मध्ये मुलगी कुठेही गेलेली नाही, वाक्याच्या तोंडाशीच ती ठाम उभी आहे. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारी आपली रचना म्हणजे ‘मुलीकडून पत्र लिहिले जाते’, व्याकरणात जिला नवीन कर्मणी म्हणतात ती.

याचा व्यवहारात त्रास असा की ‘कर्मणीचं कर्तरी कर’ अशी सूचना दिली, तर सहायक कधी ‘मुलगी पत्र लिहिते’ असं करून देतो. कर्तरी झालं खरं, पण भूतकाळ गेला! झालेली गोष्ट रोज घडणारी होऊन बसली. वर्गात प्रयोग ओळखायला शिकवताना ते चालेल, बातमीत किंवा इतिवृत्तात अजिबात नाही. सकर्मक क्रियापदाच्या साध्या भूतकाळात आपलं सरळ, नैसर्गिक वाक्य बहुतेकदा ‘ने’वालंच असतं. बोलणे, विसरणे, शिकणे अशी काही क्रियापदं वेगळी : ‘ती कविता शिकली’.

म्हणून सहायकाशी बोलताना कर्तरी-कर्मणी हे शब्दच टाळा. त्याला जोडी दाखवा : ‘समितीकडून अहवाल सादर करण्यात आला’ नको, ‘समितीने अहवाल सादर केला’ हवं. अशा दोन-तीन जोड्या दिल्या की पुष्कळ बरं जमतं. विद्यार्थ्यांना सहायकाने बदललेला एखादा उतारा मूळ उताऱ्यासह देऊन त्याने कुठे काळ बदलला ते शोधायला लावा. प्रयोग समजायला याहून चांगला गृहपाठ मला तरी सुचत नाही.

प्रश्न : प्रबंधातलं ‘कार्यपद्धती’चं प्रकरण सगळं सरळ वाक्यांत करून घ्यावं का?

सगळं नको. ‘नमुने ४ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवले’ यात वाचकाला तापमान हवं आहे, ते कुणी ठेवले हे नको आहे. सहायक तिथे प्रत्येक वाक्यात ‘संशोधकाने’ घालेल आणि प्रकरण वाचणं नकोसं होईल. मराठीत कर्ता गाळूनही ‘ठेवले’, ‘मोजले’, ‘गाळून घेतले’ असं लिहिता येतं. ‘ठेवण्यात आले’ची गरज पडत नाही. निवड किंवा निष्कर्ष तुमचा असेल तिथे मात्र ‘मी’ लिहा. आणि सहायक वापरण्याबाबत तुमच्या संस्थेचे नियम आधी पाहा.

प्रश्न : मी माहितीपुस्तिकांचे अनुवाद तपासतो. यंत्राने केलेल्या अनुवादात ‘वापरकर्त्याद्वारे पासवर्ड टाकला गेल्यानंतर खाते उघडले जाते’ अशी वाक्यं येतात. ती त्याच्याचकडून सुधारून घेता येतील?

येतील. पण ‘पॅसिव्ह काढ’ म्हणालात तर ‘वापरकर्ता पासवर्ड टाकतो आणि प्रणाली खाते उघडते’ असं काहीतरी हाती येतं. चूक नाही, पण असं आपण बोलत नाही. आपण म्हणतो : ‘पासवर्ड टाकला की खातं उघडतं.’

मराठीची इथली सोय फार सुंदर आहे. फोडणे-फुटणे, तोडणे-तुटणे, पाडणे-पडणे, सोडणे-सुटणे, जाळणे-जळणे : करणाऱ्याचं एक क्रियापद, आपसूक होण्याचं दुसरं. उघडणे, मोडणे यांना तर एकच रूप दोन्हीकडे चालतं. त्यामुळे ‘उघडले जाते’ला पर्याय शोधायला कर्त्यापर्यंत जावंच लागत नाही, ‘उघडतं’ पुरतं. सहायकाला या जोड्यांची यादी द्या आणि सांगा : ‘जिथे कर्ता महत्त्वाचा नाही, तिथे जोडीतलं दुसरं क्रियापद वापर. द्वारे हा शब्द वापरू नकोस.’

एक जागा सांभाळा. ‘कुलूप तोडण्यात आले’ याचं ‘कुलूप तुटले’ करू देऊ नका. पहिल्या वाक्यात कुणीतरी ते मुद्दाम तोडलं आहे, फक्त कोण ते कळलेलं नाही. दुसऱ्यात माणूसच नाही. कुलूप जुनं असेल, गंजलं असेल. माहितीपुस्तिकेत अशी वाक्यं क्वचित येतात. पण तक्रारअर्ज, विम्याचा दावा, अपघाताचा अहवाल तुमच्याकडे तपासायला आला, तर त्या यादीबरोबर ही ओळही पाठवा : ‘मूळ वाक्यात कृती माणसाने केलेली असेल, तर ती आपोआप घडली असं लिहू नकोस, करण्यात आले तसंच ठेव.’