सोलापुरात घरी निवांत बसून बिअर, सायडर आणि कॉकटेलचा आनंद कसा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन सोलापुरात आलात, बारमधला गोंगाट नको वाटतो, म्हणून शनिवारी संध्याकाळी नवरा-बायको घरीच बसता. पण घरी आणलेली बिअर बाहेरच्यासारखी लागत नाही. सायडर आणि कॉकटेल घरी जमतील का आणि सोबत खायला काय करावं, हेही विचारलंय. मी पक्का सोलापूरकर आणि घरीच बसणाऱ्यांपैकी, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

घरच्या बिअरची चव बिघडते ती ब्रँडमुळे क्वचितच. माल जुना असतो, त्याला ऊन लागलेलं असतं, नाहीतर तो धड थंड झालेला नसतो. बारमध्ये या गोष्टी दुसऱ्याच्या हातात असतात, घरी तुमच्या हातात असतात. म्हणूनच माझं ठाम मत आहे की थोडी काळजी घेतली तर घरची बिअर बारपेक्षा चांगली लागते.

बिअर शॉपीत गेलात की आधी बाटली फिरवून उत्पादनाची तारीख बघा. वाइन कधी कधी मुरते, नेहमीची लागर बिअर मुरत नाही, ती फक्त शिळी होते. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा तर फार लवकर होते. गोडाऊनमध्ये उकाड्यात पडून राहिलेल्या बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो. दुसरा शत्रू उजेड. बिअरला कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या फुलांमुळे. त्यातली द्रव्यं उन्हाने मोडतात आणि गंधकाचं एक उग्र वासाचं संयुग तयार होतं. तपकिरी काच हा त्रास बराच अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच फारसा अडवत नाही. कॅनमध्ये उजेड शिरायचा प्रश्नच नाही. म्हणून सोलापुरात मी कॅन आधी बघतो, मग तपकिरी बाटली. दर्शनी कपाटात उन्हाकडं तोंड करून उभी असलेली हिरवी बाटली दिली तर बिनधास्त म्हणा, आतली द्या. घरी येतानाही बाटल्या दुचाकीच्या हँडलला लटकवून उन्हातून आणू नका, डिकीत ठेवा.

थंड करायची तर फ्रिजमध्ये, सकाळीच, उभी ठेवून. घाईने फ्रीझरमध्ये ठेवली आणि विसरलात तर बिअर गोठून बाटली फुटू शकते. आयत्या वेळी गरज पडली तर बादलीत बर्फ आणि पाणी घ्या, मूठभर जाडं मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. मिठाने पाण्याचं तापमान शून्याच्या खाली उतरतं आणि पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. लागर ४ ते ७ अंशांवर उत्तम. दात शिवशिवतील इतकी गार केली तर चवच कळत नाही.

ग्लासबद्दल मात्र मी हट्टी आहे. ज्या घासणीने कढई घासता तिने बिअरचा ग्लास घासू नका. तेलाचा पुसटसा थर राहिला तरी फेस बसतो आणि काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहतात. धुतल्यावर ग्लासात पाणी फिरवून ओता. काचेवर सलग पातळ पडदा राहिला तर ग्लास स्वच्छ, थेंब थेंब उरले तर अजून तेलकट. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर लिंबाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. ओतताना ग्लास तिरपा धरून अर्धी बिअर कडेने सोडा, मग ग्लास सरळ करून उरलेली मधोमध, म्हणजे वर दोन बोटं फेस येईल. फेस वाया गेला असं समजू नका. त्यातूनच वास वर येतो, आणि जास्तीचा गॅस पोटाऐवजी ग्लासात सुटतो.

आता स्ट्राँग की माइल्ड. आपल्याकडं सवयीने स्ट्राँग मागितली जाते, कारण ‘पैसे वसूल’. एकदा हिशोब करा. ६५० मिलीची ८ टक्क्यांची बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्के व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग म्हणजे जेमतेम २६ मिली. म्हणजे स्ट्राँगची एक बाटली हे दोन लार्ज पेग झाले, आणि ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा माणूस तीन बाटल्यांत सहा लार्ज पेग रिचवतो. ५ टक्क्यांचा ३३० मिलीचा पाइंट साडेसोळा मिलीवर थांबतो. शरीर तासाला साधारण ८ ते १० मिलीच अल्कोहोल निपटवतं. निवांत गप्पा मारत दोन-तीन तास बसायचं असेल तर माइल्ड पाइंटच बरा, चवही शेवटच्या घोटापर्यंत कळते. उन्हाळ्यात गव्हाची बिअरही घेऊन बघा. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल असते, ती आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. (मंगळवेढ्याची ज्वारी इतकी नावाजलेली, आणि आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते. आपल्याकडं कुणीतरी ती मनावर घ्यावी असं मला फार वाटतं.)

चखण्याला पाकिटं आणू नका. तुम्ही शेंगाचटणीच्या गावात राहताय! भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ उखळात कुटतात, तेल सुटेपर्यंत. मिक्सरमधून काढली की तो नुसता कोरडा कूट होतो. दुकानात चिमटीत दाबून बघा. गोळा झाला आणि बोटांना लालसर तेल लागलं तर ती घ्या. कडक भाकरीचा तुकडा मोडायचा, त्यावर चटणी आणि थोडं घट्ट दही. शेंगदाण्याचं तेल जिभेवर बसतं, लागरचा गॅस आणि कडवटपणा ते धुऊन काढतो, आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. याहून चांगली जोडी मला माहीत नाही. फक्त चटणी खारट असते, तहान लागते आणि बिअर भराभर संपते. म्हणून पाण्याचा तांब्या शेजारी हवाच.

काळ्या मसाल्याचं झणझणीत मटण असेल तर हिशोब बदलतो. तिखटावर थंड बिअर उतारा आहे असं सगळे समजतात, पण गॅस आणि अल्कोहोल दोन्ही जिभेची आग वाढवतात. स्ट्राँग असेल तर जास्तच. तिखटाला उतार पडतो तो गोडीने, आणि इथंच सायडर कामाला येतं.

सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय. ताकद बहुधा ४ ते ६ टक्के, म्हणजे माइल्ड बिअरच्या आसपास. इंग्लंडच्या सॉमरसेट, हेरफर्डशरमध्ये, फ्रान्सच्या नॉर्मंडीत ते घरोघरी. स्पेनच्या अस्टुरियसमध्ये तर बाटली डोक्याच्या वर धरून खाली धरलेल्या ग्लासात बारीक धार सोडतात आणि तेवढा घोट लगेच संपवतात, कारण त्यांच्या सायडरला गॅस जवळपास नसतो आणि त्या धारेनेच ते फेसाळतं. आपल्याकडच्या बाटलीत गॅस भरपूर असतो, तेव्हा साधंच ओता. ‘ड्राय’ लिहिलेलं आंबट-तुरट असतं, मटणाबरोबर गोडसर घ्या. सफरचंदाचा फ्लेवर घातलेल्या तयार वोडकाच्या बाटल्यांशी गल्लत करू नका, तो प्रकार वेगळा.

सोलापुरात सायडर प्रत्येक शॉपीत दिसणार नाही. मोठ्या वाइन शॉपमध्ये मागून ठेवा, किंवा पुण्याला चक्कर झाली की आणा. विजापूर, कलबुर्गी हाकेच्या अंतरावर आहेत म्हणून तिकडून पिशवी भरून आणू नका. परराज्यातली दारू परवान्याशिवाय आणणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात पिण्याचाही परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. नोकरी करणाऱ्याने आजीवन काढून टाकावा. वयाची अट बिअर-वाइनला २१ आणि व्हिस्की, रम, जिनला २५.

कॉकटेल घरी नक्की जमतात, आणि सोलापुरात तर जमायलाच हवीत, कारण आपल्याकडं डाळिंब आहे. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच केगावला आहे, आणि जगभरच्या बारमध्ये जे लाल ग्रेनेडीन सरबत वापरतात ते मुळात डाळिंबाचंच. बाटलीबंद ग्रेनेडीनमध्ये बहुतेकदा नुसता रंग आणि साखर असते. बाजारातून भगवा जातीची दोन मोठी डाळिंबं आणा. दाणे स्वच्छ फडक्यात बांधून हाताने पिळा. मिक्सर लावायचाच तर क्षणभर फिरवून थांबवा, बिया भरडल्या की रस तुरट होतो. जेवढा रस तेवढीच साखर, मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच ठेवा. उकळी आली की ताजेपणा गेला आणि मुरंब्यासारखी चव आली. गार झाल्यावर लिंबाचे चार थेंब पिळून काचेच्या बाटलीत भरा. फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतं.

मग ४५ मिली जिन, २० मिली लिंबाचा रस, २० मिली हे सरबत. मापाला पेग मेजर नसेल तर औषधाच्या बाटलीचं खुणांचं झाकण चालतं, पण माप हवंच. अंदाजपंचे ओतलेलं कॉकटेल पहिल्यांदा आंबट, दुसऱ्यांदा कडक होतं. फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा बर्फाने भरा, सगळं घालून डबा हाताला झोंबेपर्यंत हलवा. चहाच्या गाळणीतून उंच ग्लासात ताज्या बर्फावर गाळा, वरून सोडा. सोडा डब्यात कधीच घालायचा नाही, झाकण उडतं. कागदी लिंबू आयत्या वेळी कापा आणि हलक्या हाताने पिळा, सालीचा कडूपणा उतरू देऊ नका. जिनऐवजी पांढरी रम घेतलीत तरी छान लागतं. लिंबाची कॉकटेल्स हलवायची, नुसत्या मद्यांची चमच्याने ढवळायची, एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ.

बर्फाकडं लोक बघतच नाहीत. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, साठवणीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा बर्फ केला की त्याची चव ग्लासात उतरते. फिल्टरचं पाणी वापरा, ट्रे झाकून ठेवा (लसणाचा वास बर्फ पटकन धरतो), आणि खडे मोठे करा म्हणजे सावकाश वितळतील. हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर बसायला मजा येते तेव्हा बर्फ विसरा. एक स्मॉल पेग (३० मिली) डार्क रम, गरम पाणी, चमचाभर मध, लिंबाची फोड आणि दोन लवंगा.

उन्हाळ्यात मात्र दुपारी पिऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. अल्कोहोलमुळे लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी जातं, आणि बाहेर त्रेचाळीस अंश असताना थंड बिअरने फक्त तोंड गार होतं. दिवस मावळू द्या, गच्चीवर पाणी मारा, वारा सुटला की बसा. प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी. झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडॅझोलसारखी (पोटाच्या संसर्गावर देतात ती) औषधं चालू असतील तर त्या शनिवारी नाही म्हणजे नाही.

दोघांपैकी एकाला घ्यायची नसेल तर तीच तयारी दुसऱ्या ग्लासात करा. डाळिंबाचं सरबत, लिंबू, चिमूटभर मीठ, सोडा, तोच उंच ग्लास, तोच बर्फ. आमच्या घरी बायको हेच घेते, आणि मीही पुष्कळदा दुसरा ग्लास तोच घेतो. घरमालक माळकरी असतील तर भाड्याने घेतानाच विचारून ठेवा. श्रावणात आणि एकादशीला त्यांच्या डोक्यावरच्या गच्चीत बाटल्या वाजवू नका, शेजार टिकतो.

मित्रांना बोलावलंत तर जेवण आधी वाढा, प्यायला नंतर ओता. आणि ते परत कसे जाणार हे बोलावतानाच ठरवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गाडी चालवणं गुन्हा ठरतं, आणि ती हद्द गाठायला फार लागत नाही. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडं राहत असाल तर रात्री उशिरा रिक्षा सहज मिळेलच असं नाही, एखाद्या ओळखीच्या रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवा. तेही जमत नसेल तर हॉलमध्ये गाद्या घाला.